गाडीत बाहेरून काही बसवलंय म्हणून वॉरंटी नाकारली, तर काय करायचं

साताऱ्यात पावसाळ्यात कास नाहीतर महाबळेश्वरला जायचं म्हणजे धुक्यात फॉग लॅम्प लागतातच, आणि सांगलीकडं कारखाने सुरू झाले की रात्री मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या एकदम समोर येतात, म्हणून तिकडं लोक हेडलाइट वाढवून घेतात. म्हणजे हे सगळे काही हौशीपोटी गाडी सजवणारे नाहीत, गरज म्हणून बसवतात. पुढं कधीतरी एसीचा कॉम्प्रेसर जातो, गाडी सर्व्हिस सेंटरला नेली की ॲडव्हायझर बोनेट उघडतो, बाहेरची वायर दिसते आणि तिथंच निकाल लागतो, "बाहेर काम केलंय, वॉरंटी गेली." आणि आपली माणसं मुकाट्यानं पैसे भरून येतात. याचंच मला वाईट वाटतं, कारण त्या एका वाक्यावर पैसे भरायची काही गरज नसते.

मुद्दा एवढाच आहे की तुम्ही बसवलेल्या वस्तूमुळंच हा पार्ट गेला का, हे सर्व्हिस सेंटरला सांगता आलं पाहिजे. फॉग लॅम्पचा आणि कॉम्प्रेसरच्या आतल्या बेअरिंगचा संबंध काय? पण तेच जर १०० वॅटचे दोन दिवे लावले असतील आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) गेला असेल, तर २०० वॅट भागिले १२ व्होल्ट केलं की जवळपास १७ अँपियरचा जादा लोड होतो, मग ते म्हणतात त्यात तथ्य असू शकतं. तसंच हेडलाइटच्या मूळ ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब रिले (जादा करंट मूळ वायरिंगवर न येऊ देणारा स्विच) न लावता घातले आणि होल्डर वितळला तर भांडायला जाऊच नका, ते बरोबर आहेत. दाराचा स्पीकर बदलताना आतला प्लास्टिकचा कागद फाडला आणि पावसाचं पाणी पॉवर विंडोच्या स्विचमध्ये गेलं, तिथंही तेच. मोठे अलॉय, स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या), कापलेल्या स्प्रिंगा असतील तर व्हील बेअरिंग आणि सस्पेन्शनचं विसरा, पण त्याच गाडीचा म्युझिक सिस्टीमचा स्क्रीन बंद पडला तर तो क्लेम अलॉयवर ढकलू देऊ नका. रीमॅपचं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलण्याचं, मात्र स्पष्ट सांगतो, वॉरंटीत असलेल्या गाडीला करू नका. परत कंपनीचा मूळ प्रोग्रॅम टाकला तरी बऱ्याच ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) किती वेळा प्रोग्रॅम बदलला याची नोंद राहते, आणि इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स यातलं काहीही गेलं की संबंध जोडायला त्यांना फार कष्ट पडत नाहीत.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक त्यांच्या १९७५ च्या वॉरंटी कायद्याचं नाव घेऊन सांगतात की डीलर असं करूच शकत नाही. तो कायदा इथं चालत नाही, त्याचं नाव घेऊन काउंटरवर भांडू नका. आपल्याकडं दोनच गोष्टी कामाच्या, एक म्हणजे तुमच्या गाडीबरोबर आलेलं वॉरंटीचं पुस्तक आणि दुसरा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. तिसरी थोडी आधाराला, २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड लावला, त्या आदेशात असंही होतं की बाहेरच्या गॅरेजला काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच रद्द करा. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या आणि तो विषय गॅरेजच्या दुरुस्तीचा होता, मॉडिफिकेशनचा नव्हता, त्यामुळं पत्रात एका ओळीत उल्लेख करा, पण सगळी मदार त्यावर ठेवू नका.

आता बसवण्याआधीचं. वॉरंटीचं पुस्तक काढा आणि काय कव्हर होत नाही ते पान नीट वाचा, एक्सटेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचं पुस्तक वेगळं असतं आणि अटी बऱ्याचदा जास्त कडक असतात. वायर कापून काम करू देऊ नका, कपलर टू कपलर हार्नेस, म्हणजे काही न कापता कंपनीच्या कनेक्टरला जोडता येणारा तयार वायरिंगचा संच मिळतो तोच लावा, दिव्यांना बॅटरीवरून वेगळी लाइन, रिले आणि फ्यूज घ्या. थोडे जास्त पैसे जातात पण उद्या वर्कशॉप मॅनेजरसमोर हार्नेस काढून दाखवता येतो की बघा, कंपनीची एक वायर सोललेली नाही. काम करायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढा. बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, गाडीचा नंबर टाकून. आणि शोरूममध्येच ॲक्सेसरी बसवून घेत असाल तर हे तिप्पट महत्त्वाचं, कारण काही ठिकाणी शोरूमवाले बाजारातल्या दुकानदाराकडून काम करून घेतात आणि हातात साधी चिठ्ठी देतात, मग भानगड झाली की आमचं नाहीच म्हणून मोकळे. शोरूमच्या नावाचं बिल असेल तर त्यांना हात झटकता येत नाहीत.

आरटीओचं पण बघा, नाहीतर वॉरंटी राहिली बाजूला आणि दुसरंच गळ्यात पडतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत तेच ठामपणे सांगितलं. एका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी बाहेरून बसवायचा तर मान्यताप्राप्त किटच घ्या, साताऱ्याची एमएच ११ असो, सांगलीची एमएच १० असो नाहीतर कराडची एमएच ५०, आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. नोंद नसलेलं किट घेऊन वॉरंटीसाठी भांडायला उभं राहिलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार.

समजा आता क्लेम नाकारलाय. चिडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, खरी लढाई जॉब कार्डावर, म्हणजे तुमची तक्रार आणि करायचं काम लिहितात त्या कागदावर असते. सही करायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा तक्रारीच्या खाली बारीक अक्षरात "बाहेरची वायरिंग आढळली, ग्राहकाला कळवले" असं टाकलेलं असतं आणि तुम्ही घाईत सही करून बसता. तसं दिसलं तर शेजारी स्वतःच्या हातानं लिहा, "या बिघाडाशी त्याचा संबंध मला मान्य नाही," आणि मगच सही करा, फोटो काढून ठेवा. स्कॅनर लावला असेल तर फॉल्ट कोडची प्रिंट मागा, नाही दिली तर स्क्रीनचा फोटो. पार्ट उघडायच्या आधी विचारा की क्लेम नाकारला तर उघडण्याची मजुरी कोण देणार. आणि खराब झालेला पार्ट जपून ठेवायला लेखी सांगा, कारण तो भंगारात गेला की तुमचा पुरावाच गेला.

बसवलेली वस्तू आदल्या रात्री काढून गाडी नेऊ नका, बरेच मेकॅनिक हाच सल्ला देतात, मला तो अजिबात पटत नाही. क्लिपांचे व्रण, टेपचा चिकटा राहतो, ते ओळखतात, आणि एकदा तुम्ही लपवलं असं दिसलं की पुढं कुणी तुमच्या बाजूनं ऐकत नाही.

मग ईमेल करा. डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकत्र, फोनवर बोललेलं कुठंच धरलं जात नाही. मराठीत लिहिलं तरी चालतंय. एवढंच लिहा: "आपण माझा वॉरंटी क्लेम नाकारला आहे. वॉरंटी पुस्तकातील कोणत्या अटीनुसार नाकारला, आणि मी बसवलेल्या वस्तूमुळे हा पार्ट कसा खराब झाला, याचा तांत्रिक अहवाल लेखी द्यावा. अहवाल मिळेपर्यंत खराब पार्ट नष्ट करू नये." लेखी मागितलं की बरेचदा सूर बदलतो, कारण तोंडानं संबंध जोडणं सोपं असतं, लेटरहेडवर जोडणं अवघड. कंपनीचा एरियाचा सर्व्हिस मॅनेजर गाडी बघायला येईल तेव्हा तुम्ही तिथं हजर राहा. काही वेळा ते गुडविल म्हणून पार्टचा अर्धा खर्च देतो म्हणतात, तुमची बाजू थोडी कच्ची असेल तर ते घेणं शहाणपणाचं, बाजू पक्की असेल तर नाही म्हणा.

उत्तर आलंच नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथं निकाल लागत नाही पण कंपनीकडं विषय पोचतो. त्यानंतर १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा आणि जिल्हा ग्राहक आयोग गाठा. सांगलीला आहे, साताऱ्यालाही आहे, आणि गाडी पुण्यातून किंवा कोल्हापुरातून घेतली असली तरी नव्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते. गाडीसाठी तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, फी ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४००, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. विरोधी पक्ष म्हणून डीलर आणि कंपनी दोघांची नावं टाका, एकालाच टाकलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. दोष तपासायची गरज असेल तर आयोग पार्ट योग्य त्या प्रयोगशाळेत पाठवू शकतो, जपून ठेवलेला पार्ट इथं कामाला येतो. कायद्यात तीन महिने आणि तपासणी असेल तर पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात.

तेवढे दिवस गाडी वर्कशॉपमध्ये उभी ठेवू नका, पार्किंगचे पैसे लावतील आणि बॅटरीही बसेल. दुरुस्ती करून घ्या, पैसे भरा, पण आधी ईमेल टाका की "हक्क राखून पैसे भरत आहे, क्लेम सोडलेला नाही", बिलावरही तेच लिहा आणि जुना पार्ट डिकीत टाकून घरी घेऊन या.