स्टँड मिक्सर घरात नीट कसा वापरावा: कणीक, पाव, लोणी आणि श्रीखंड

स्टँड मिक्सर, म्हणजे ओट्यावर उभं राहून भांड्यात बीटर किंवा हुक फिरवणारं विजेचं यंत्र, वाटण करत नाही. चटणी, मसाला, इडलीचं पीठ ही कामं मिक्सर-ग्राइंडरकडेच राहतात. हे यंत्र मळतं, फेटतं आणि घुसळतं. ही कामं ज्या घरात दर आठवड्याला भरपूर प्रमाणात होतात, तिथेच ते घ्यावं. सहा पोळ्यांची कणीक परातीत हाताने लवकर होते, आणि भांडं धुण्याचा व्यापही वाचतो.

दुसरा प्रश्न जागेचा. चांगलं धातूचं यंत्र दहा किलोच्या आसपास भरतं. रोज ते कपाटातून काढून ओट्यावर ठेवणं कुणाच्याच हातून होत नाही, म्हणून त्याला प्लगजवळ कायमची जागा हवी. डोकं (मोटर असलेला वरचा भाग) मागे कलणारं मॉडेल असेल तर डोकं पूर्ण वर केल्यावरची उंची मोजा, नाहीतर ते वरच्या कपाटाला आपटतं. खरेदी करताना नुसत्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा यंत्र किती वीज ओढतं एवढंच सांगतो. गिअर धातूचे आहेत का, दुरुस्ती गावात होते का आणि सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारा.

साडेचार-पाच लिटरच्या भांड्यात गव्हाचं पीठ एका वेळी 500 ते 600 ग्रॅम घ्यावं, मैदा 700 ग्रॅमपर्यंत. 250 ग्रॅमपेक्षा कमी पीठ हुकच्या, म्हणजे मळायच्या वाकड्या आकड्याच्या, तावडीत येत नाही, ते नुसतं कडेने फिरत राहतं.

पहिल्या दिवशीच बीटरची उंची तपासा

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. तळाशी कोरडं पीठ राहतं, लोणी कडेला चिकटून राहतं, किंवा बीटर भांड्याला घासून खरखर आवाज येतो. रिकाम्या, कोरड्या भांड्यात एक रुपयाचं नाणं टाका, सपाट बीटर लावा आणि सगळ्यात कमी वेगावर चालवा. बीटरच्या प्रत्येक फेरीत नाणं साधारण एक सेंटिमीटर सरकलं पाहिजे. अजिबात हललं नाही तर बीटर वर आहे. सतत फरफटत राहिलं तर खाली आहे. डोकं कलणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत मानेच्या सांध्यात एक स्क्रू असतो. प्लग काढून तो पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तपासा. घड्याळाच्या दिशेने फिरवला की बीटर खाली येतो, उलट फिरवला की वर जातो. वापर वाढला की ही उंची बदलते, म्हणून मधूनमधून नाणं टाकून बघावं.

पोळ्यांची कणीक

भांड्यात आधी पाणी, मग पीठ. उलट केलं की तळाला कोरडा थर राहतो. 500 ग्रॅम चक्कीच्या पिठाला 5 ग्रॅम मीठ आणि 325 मिलिलिटर पाणी घ्या, आणखी 25-30 मिलिलिटर हाताशी ठेवा. ताज्या दळणाला आणि जाडसर पिठाला ते बहुधा लागतंच. सपाट बीटरने वेग 1 वर पीठ फक्त ओलं होईपर्यंत फिरवा, अर्धा मिनिट पुरतं. मग यंत्र बंद करून झाकण ठेवा आणि वीस मिनिटं थांबा. या वेळात पीठ पाणी पिऊन घेतं आणि मोटरचं निम्मं काम हलकं होतं. नंतर हुक लावून वेग 2 वर चार मिनिटं मळा. तेल शेवटच्या मिनिटात घाला. आधी घातलं तर कणीक हुकवरून निसटत राहते आणि मळलीच जात नाही.

भांड्याच्या कडा स्वच्छ झाल्या, तळाशी थोडीशीच कणीक चिकटलेली राहिली, की झालं. सगळा गोळा हुकला धरून नुसता फिरतोय आणि डोकं उड्या मारतंय, तर कणीक घट्ट आहे. एक चमचा पाणी घालून वेळ द्या. कणीक हुकवर चढत वर मानेकडे जात असेल तर वेग जास्त आहे किंवा माल जास्त आहे. मळताना वेग 2 च्या वर कधीही नेऊ नका. घरगुती वापरात गिअर झिजण्याचं हे एक मोठं कारण आहे.

पुरणपोळीच्या सैल कणकेत मात्र हे यंत्र हाताच्या पुढे जातं. 250 ग्रॅम बारीक चाळलेलं गव्हाचं पीठ, 250 ग्रॅम मैदा, 350 मिलिलिटर पाणी. वरच्याप्रमाणे भिजवून वीस मिनिटं ठेवा, मग हुकने वेग 2 वर तिंबताना 60 मिलिलिटर तेल चमच्या-चमच्याने घाला. आधीचं तेल जिरल्याशिवाय पुढचं घालू नका. सहा-सात मिनिटांत कणीक लवचिक होते, बोटाने ओढली की तुटत नाही, लांबते. मग तेलाचा हात लावून दोन तास मुरू द्या. पुरण मात्र पुरणयंत्रातूनच काढा. बीटर डाळ मोडतो, पण मधले अख्खे दाणे सोडून देतो, आणि तेच पोळी लाटताना फाडतात.

पावाचं पीठ आणि उष्णता

मळताना घर्षणाने पीठ तापतं. पावाचं पीठ मळून झाल्यावर 26 अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. त्याहून फार गरम झालं तर यीस्ट घाईने फुगतं आणि पावाला आंबूस वास येतो. हिशेब सोपा आहे: 78 (26 ची तिप्पट) मधून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि घर्षणाचे साधारण 10 अंश वजा करा. येईल ते पाण्याचं तापमान. मे महिन्यात खोली आणि पीठ दोन्ही 32 अंशांवर असतील तर उत्तर येतं 4, म्हणजे थेट फ्रीजमधलं पाणी. उन्हाळ्यात यीस्टला कोमट पाणी देण्याची सवय सोडा. इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळून चालतं.

सायीचं लोणी

विरजलेली साय भांड्याच्या निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. ती गार हवी, साधारण 10 ते 14 अंश. गरम सायीचं लोणी गोळा होत नाही, ते तेलकट होऊन ताकात विरघळल्यासारखं दिसतं. व्हिस्कने (तारांच्या फेटणीने) मध्यम वेगावर सुरू करा. साय आधी फुगते, मग घट्ट होते, मग अचानक रवाळ आणि पिवळसर दिसू लागते. नेमक्या याच क्षणी वेग एकदम कमी करा. पुढच्या काही सेकंदांत ताक सुटतं आणि वेग तसाच राहिला तर ओटाभर उडतं. भांड्यावर ओलं फडकं धरताना ते फिरत्या भागापासून लांब ठेवा. ताक सुटलं की व्हिस्क काढून सपाट बीटर लावा, नाहीतर लोणी तारांत अडकतं. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी ओता. बर्फाचे खडे टाकू नका, त्यांनी व्हिस्कच्या तारा वाकतात.

श्रीखंड

500 ग्रॅम घट्ट चक्क्याला 350 ते 400 ग्रॅम साखर मिसळून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे साखर विरघळते. मग सपाट बीटरने वेग 2 वर दोन-तीन मिनिटं. व्हिस्क वापरू नका. त्याने हवा भरते आणि श्रीखंडाचा दाटपणा जातो. जास्त फिरवलं तरी ते पातळ होतं. चक्का कणीदार असेल तर आधी पुरणयंत्रातून काढा, बीटर त्या कण्या मोडत नाही.

नानखटाईचं तूप फेसायचं तर ते थिजलेलं हवं. पातळ तुपात हवा धरत नाही.

निगा आणि बिघाड

बिनमुलाम्याचे अॅल्युमिनियमचे बीटर आणि हुक डिशवॉशरमध्ये घालू नका. त्यांच्यावर काळपट पूड येते, जी पुढे पिठाला लागते. हाताने धुवून लगेच पुसा. पावसाळ्यात ओला बीटर यंत्राच्या फिरत्या दांड्यावर तसाच अडकवून ठेवला तर तो तिथेच गच्च बसतो.

बरेच दिवस बंद राहिलेल्या यंत्रातून तेलाचा थेंब गळतो. आतल्या ग्रीसमधलं तेल वेगळं झालेलं असतं. दांडा पुसा आणि रिकामं यंत्र दोन मिनिटं जास्त वेगावर चालवा. गळती सुरूच राहिली तर ग्रीस बदलण्याची वेळ आली. मोटर चालतेय पण बीटर फिरत नाही, आणि आत खरडल्याचा आवाज येतोय, तर वर्म गिअर (मोटरची फिरकी बीटरपर्यंत नेणारं दातेरी चाक) गेला. अनेक यंत्रांत तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे मोटर जळण्याआधी तो तुटतो. भाग स्वस्त असतो, पण बदलताना ग्रीसही नवं भरून घ्या.

अमेरिकेतून आणलेलं यंत्र 120 व्होल्टचं असतं. भारतातल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये ते थेट लावलं तर जळतं. त्याला तांब्याच्या वेटोळ्यांचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो, यंत्राच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा. 325 वॅटच्या मिक्सरला 750 वॅटचा घ्या. प्रवासात मिळणारा हलका कन्व्हर्टर अशा मोटरला चालत नाही. ट्रान्सफॉर्मरचा खर्च, त्याची ओट्यावरची जागा आणि सामानातलं दहा किलो वजन धरलं, तर इथेच 230 व्होल्टचं यंत्र घेणं बहुतेक वेळा सोयीचं पडतं.