सगळ्या ओळी हिरव्या, तरी काटा बंद

छत्रपती संभाजीनगरमधल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तेव्हा माझ्याकडे साखर कारखान्यांचे सर्व्हर आले. वजनकाटा, ऊसबिलं, स्टोअर, सगळं त्यांच्यावर चालतं. आमच्या घरचा ऊस अंबाजोगाईकडून कारखान्याला जायचा. काट्यापुढे रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिला की ऊस वाळून वजन घटतं, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे हे काम मला कधीच नुसतं कॉम्प्युटरचं वाटलं नाही.

सर्व्हर सांभाळायला आम्ही अ‍ॅन्सिबल वापरतो. करायच्या कामांची, म्हणजे टास्कची, यादी प्लेबुक नावाच्या फाइलमध्ये लिहायची, आणि ती आपल्या लॅपटॉपवरून सर्व्हरवर चालवायची. प्लेबुकच्या एका भागाला प्ले म्हणतात. २०१२ मध्ये आलेलं हे साधन २०१५ मध्ये रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने घेतलं. समोरच्या लिनक्स सर्व्हरवर वेगळा एजंट, म्हणजे कायम चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, टाकावा लागत नाही. एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा असली की बहुतेक कामं होतात. नेट कधी असतं, कधी नसतं, अशा ठिकाणी ही मोठी सोय आहे.

तुमच्याकडे विंडोज लॅपटॉप असेल तर अ‍ॅन्सिबल डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये, टाका, पण प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवू नका. ते फोल्डर डब्ल्यूएसएलला कुणालाही लिहिता येण्यासारखं दिसतं, म्हणून तिथली अ‍ॅन्सिबल डॉट सीएफजी ही सेटिंगची फाइल वाचलीच जात नाही. एक वॉर्निंग येते आणि वर निघून जाते. माझे दोन दिवस यातच गेले. फाइल लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवली आणि सगळं सुरळीत झालं. प्लेबुक ज्या साच्यात लिहितात त्या यामल फाइलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायची, हेही पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडा.

आता हँडलरबद्दल, कारण मला खरा फटका तिथे बसला. कॉन्फिगरेशन फाइल बदलली तरच सर्व्हिस रीस्टार्ट करायची, हे काम हँडलर करतो, आणि तेही प्लेच्या शेवटी. गाळप जोरात असताना आम्ही एका कारखान्याचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला. माझ्या प्लेबुकने काट्याच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये नवा पत्ता लिहिला, पण पुढचा टास्क परवानगीअभावी पडला. प्ले तिथेच थांबला, हँडलर चाललाच नाही. परवानगी दुरुस्त करून मी प्लेबुक पुन्हा चालवलं. फाइल आधीच बदललेली होती, म्हणून अ‍ॅन्सिबलने 'ओके' म्हटलं, हँडलरला कुणी हाकच मारली नाही. स्क्रीनवर लाल काहीच नव्हतं. सर्व्हिस मात्र जुन्याच पत्त्यावर चालू होती.

रात्री ठरल्याप्रमाणे जुना डेटाबेस बंद केला आणि काटा थांबला. कारण सापडायला पाऊण तास लागला, रीस्टार्टला अर्धा मिनिटही नाही. तेवढ्या वेळात गाड्यांची रांग गेटबाहेर गेली होती. बैलगाडीवाले थंडीत उभे होते, हे आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

तेव्हापासून आमच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'फोर्स हँडलर्स' चालू असतं. मधला टास्क पडला तरी आधी हाक मारलेले हँडलर चालतात. प्लेबुकच्या शेवटी सर्व्हिस कोणत्या डेटाबेसशी बोलतेय हे तपासणारा टास्कही मी लिहिला. हा तपास प्लेबुकमध्येच हवा, कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका.

चाचणीची आणि खऱ्या सर्व्हरची इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरची यादी, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आधी 'चेक' (काही न बदलता रंगीत तालीम) आणि 'डिफ' (ओळींमधला फरक) लावून काय बदलणार ते वाचा. थेट आज्ञा चालवणारे शेल आणि कमांडचे टास्क मात्र 'चेक'मध्ये सहसा चालत नाहीत, त्यामुळे त्यावर पूर्ण विसंबू नका. मग 'लिमिट' लावून एकच सर्व्हर घ्या. सगळ्यांवर चालवताना 'सीरियल' १ ठेवा, म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर पूर्ण होतो आणि पहिला पडला तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. नाहीतर अ‍ॅन्सिबल प्रत्येक टास्क पाच-पाच करत सगळ्याच सर्व्हरवर चालवतं, आणि चूकही सगळीकडे होते. पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) फाइलमध्ये ठेवा.

हंगामात काट्याच्या सर्व्हरला हात लावायचाच असेल तर मी आधी काटा क्लार्कला फोन करते. रीस्टार्टनंतर 'मॅडम, गाडीची पावती निघाली' असं त्यांनी सांगेपर्यंत लॅपटॉप मिटत नाही.