जेझेरोचे खड्डे उंचवटे दिसत होते, ते असे सुटले

मंगळावरच्या जेझेरो विवराचा तळ बघताना तीन रात्री माझं डोकं फिरलं होतं. विवर सुमारे ४५ किलोमीटर रुंद, पण तळावरचे लहान खड्डे मला फुगलेल्या पुऱ्यांसारखे वर आलेले दिसायचे. त्यावरून थरांचा क्रम लावायला बसले आणि सगळंच उलटं पडलं.

फोंड्याला घरी लाईट गेली होती, बाहेर धो धो पाऊस. आईने खोबरं काढून ठेवलेली करवंटी ओट्यावर उताणी होती. टॉर्च डावीकडून धरला, तर सावली करवंटीच्या आत, टॉर्चच्याच बाजूला पडली. पालथी घातल्यावर सावली बाहेर, उजवीकडे. मग लक्षात आलं: ऊन कुठून येतंय हे चुकीचं धरलं, की खड्डाही उंचवटा दिसतो.

मंगळाभोवती फिरणारं नासाचं यान मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर तिथल्या स्थानिक वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास फोटो घेतं, म्हणजे ऊन पश्चिमेकडून. मी उघडलेला कच्चा फोटो दक्षिण वर असलेला होता. तो फिरवून उत्तर वर केली, ऊन डावीकडून आलं आणि खड्डे खड्डे झाले. खात्रीसाठी मोला (MOLA) या लेझर उंचीमापकाच्या नकाशाशीही ताडून पाहिलं, पण तो इतका ठोकळ आहे की लहान खड्ड्यांना त्याचा उपयोग नाही; तिथे सावलीच बघावी.

पश्चिमेकडच्या त्रिभुज प्रदेशावरचे काही जुने प्रवाह मात्र नंतरही उंचच राहिले. तो भास नव्हे! पात्रातला जाडाभरडा गाळ टिकला, आजूबाजूचा मऊ गाळ झिजून गेला.