थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियमची ग्रेन रचना : या चुका टाळा

प्रोजेक्टचा सीझन आला की हिंगण्याच्या आमच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियमचे तुकडे येऊ लागतात. मिश्रधातू बहुतेक वेळा एकच : ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमवाला. हवं असतं तेही एकच, उभे लांब ग्रेन (धातूतले स्फटिकांचे कण) मोडून बारीक गोलसर ग्रेन. आणि चुकाही त्याच त्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तुकडा एकाच बाजूने बघणं. नागपूरच्याच एका कॉलेजचा एम.टेक.चा मुलगा भर मे महिन्यात १० मिलिमीटरचे दोन क्यूब घेऊन आला. लेसरचा वेग बदलून ग्रेन गोल केले, आता पेपर लिहून राहिलो, म्हणाला. फोटो स्वच्छ होता, ग्रेनही गोल दिसत होते. विचारलं, "कापला कुठून?" "वरूनच ना सर, ज्या प्लेटवर प्रिंट केला तिला समांतर. पॉलिश करायला सोपं पडते."

दुसरा क्यूब आम्ही उभा कापला, पॉलिश केला, क्रोल्स रिएजंट या ॲसिडच्या मिश्रणाने एच केला, म्हणजे ग्रेन दिसावेत म्हणून पृष्ठभाग हलकेच खाऊ दिला. मायक्रोस्कोपखाली खालपासून वरपर्यंत, थरांमागून थर ओलांडत गेलेले बीटा (टायटॅनियमची जास्त तापमानाची रचना) ग्रेन, आणि त्यांच्या पोटात मार्टेन्साइटच्या, म्हणजे झटकन थंड झाल्यावर बनणाऱ्या रचनेच्या, तिरप्या सुया. पऱ्हाटीचा भारा आडवा कापला तर गोल ठिपकेच दिसणार, त्यावरून काडीची लांबी कशी कळेल? मुलगा बराच वेळ आयपीसवरून डोळा काढेना. सबमिशनला चार दिवस उरले होते आणि अख्खं प्रकरण पुन्हा लिहायचं होतं.

असं का होतं ते समजून घ्या. लेसरने पावडरचा नवा थर वितळतो तेव्हा त्याच्या खाली घट्ट झालेला ग्रेन तयारच असतो. वितळलेला धातू त्याचीच दिशा उचलून वर वाढतो. नवे ग्रेन जन्माला यावेत इतका अडथळा ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम करत नाहीत. म्हणून नुसती पॉवर आणि वेग फिरवून हे ग्रेन सहसा मोडत नाहीत. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये टायटॅनियममध्ये तांबं मिसळून बारीक गोल ग्रेन मिळवले, २०२० मध्ये अल्ट्रासाउंड वापरून. दोन्ही वेळा घट्ट होण्याची प्रक्रियाच बदलली होती.

माझी सवय सांगतो. तुकडा प्लेटवरून निघण्याआधीच बाजूवर बाण कोरा, बिल्ड कुठल्या दिशेने झाली तो. एक आडवा छेद, एक उभा. दोन्ही फोटो नसतील तर मी रिपोर्टवर सही करत नाही.

दुसरी चूक स्टीलच्या सवयीतून येते. स्टील तापवून थंड केलं की ग्रेन बारीक होतात, मग टायटॅनियमही १०५० अंशांवर तासभर ठेवू, असा हिशेब. बीटा ट्रान्सस, म्हणजे ज्या तापमानाला सगळा धातू बीटा होतो ते, साधारण ९९५ अंशांच्या आसपास आहे. त्याच्या वर गेलात की वाढत्या बीटा ग्रेनला धरून ठेवायला अल्फा (कमी तापमानाची रचना) उरत नाही. ते फुगतात, सावकाश थंड केल्यावर आत जाड अल्फाच्या वसाहती बसतात आणि फटीग स्ट्रेंग्थ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा भार सोसण्याची ताकद, घसरते. तेही साध्या मफल फर्नेसमध्ये, हवेत! पृष्ठभागावर ऑक्सिजनने भरलेला ठिसूळ थर, म्हणजे अल्फा केस, तयार होतो, तो घासून काढावाच लागतो. घाई झालेल्यांना हे दोन वाक्यांत पटत नाही, कडा तडकल्यावर पटतं. मी ८०० अंशांच्या आसपास, व्हॅक्युममध्ये किंवा शुद्ध आर्गॉनमध्ये दोन तास ठेवतो. मार्टेन्साइट सुटून बारीक अल्फा-बीटा मिळतो. उभे ग्रेन तसेच राहतात, आणि रिपोर्टमध्ये तसंच लिहायचं.

बाकीचं थोडक्यात. स्ट्रेस रिलीफ (आतला ताण घालवायला तापवणं) न करता भाग प्लेटवरून कापू नका, वाकतो. पॉवर, वेग आणि हॅच (लेसरच्या शेजारच्या रेघांमधलं अंतर) एकदम बदलू नका, कशाने काय झालं ते कळत नाही. पावसाळ्यात पावडरचा डबा उघडा ठेवू नका. वापरलेल्या पावडरचा ऑक्सिजन तपासा : ईएलआय (कमी अशुद्धीच्या) ग्रेडला मर्यादा ०.१३ टक्के आहे.

आणि क्रोल्समध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते काचेच्या बीकरमध्ये ओतू नका, प्लास्टिकचंच भांडं घ्या. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या ॲसिडने भाजल्यावर लावायचं औषध) हाताशी नसेल तर बाटलीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही.