हिरवा ठिपका मागे राहिल्यावर: ब्रिटनला येणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी ई४७१विषयी

कोल्हापूरहून ब्रिटनला येणाऱ्यांना घर कसे शोधावे आणि बँकेत खाते कसे उघडावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पावाच्या पाकिटाची मागची बाजू कशी वाचावी हे मात्र कोणी सांगत नाही, आणि नवी मंडळी आली की ई४७१ या इमल्सिफायरच्या, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या पदार्थाच्या, एकाच क्रमांकावरून तो शाकाहारी आहे की नाही हा गोंधळ पुन्हा सुरू होतो.

निघण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात आइस्क्रीमचा डबा किंवा केकचे पाकीट हातात घेऊन घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. बारीक अक्षरांत बहुधा ‘इमल्सिफायर (४७१)’ किंवा ‘आयएनएस ४७१’ असे सापडेल. हा तोच पदार्थ आहे; युरोपात त्याच क्रमांकाआधी ‘ई’ लावतात, एवढेच. आजवर तुम्ही तो निर्धास्त खाल्लात, कारण पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका होता. दूध, मध अशा मोजक्या गोष्टी वगळता कोणताही प्राणिजन्य घटक असला तर भारतात तो ठिपका लावता येत नाही, मग तो घटक इमल्सिफायरच्या रूपाने चिमूटभरच का पडलेला असेना. ब्रिटनमध्ये असे सक्तीचे चिन्ह नाही, त्यामुळे ती चौकशी आता आपल्याकडे आली.

ई४७१ म्हणजे फॅटी ॲसिडचे मोनो आणि डायग्लिसराइड. तेल किंवा चरबी ग्लिसरॉलबरोबर भरपूर तापवून ते तयार करतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जमवून घेते आणि दुसरे तेलाशी, म्हणून एरवी फुटून वेगळे होणारे मिश्रण एकजीव राहते. पावात ते स्टार्चला धरून राहते, त्यामुळे पाव लवकर वाळून कडक होत नाही. मूळ स्निग्ध पदार्थ पाम, सोया, सूर्यफूल किंवा रेपसीडचे तेल असू शकते, तसेच गोवंशाची किंवा डुकराची चरबीही असू शकते, आणि तयार झालेल्या पदार्थाकडे पाहून तो कशापासून निघाला हे कळत नाही. डिसेंबर २०१४ पासून युरोपातल्या नियमांनुसार घटकांत नुसते ‘वनस्पती तेल’ लिहून भागत नाही, कोणत्या वनस्पतीचे ते सांगावे लागते. पण ई४७१चे मूळ सांगण्याची सक्ती नाही. शिवाय क्रमांकाऐवजी पूर्ण रासायनिक नावही छापता येते, तेव्हा नुसता ४७१ शोधणाऱ्याच्या नजरेतून ते सुटते.

आपल्या लोकांत याविषयी दोन पंथ आहेत. एक पंथ व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी पुढे ढकलतो, जिच्यात ई४७१ म्हणजे डुकराची चरबी असे ठामपणे लिहिलेले असते. ते चूक आहे. क्रमांकावरून मूळ ठरत नाही, आणि ज्या पाकिटावर शाकाहारासाठी योग्य असल्याचा उल्लेख आहे त्यातले ई४७१ वनस्पतिजन्यच असले पाहिजे. दुसरा पंथ ‘एवढे कोण बघतो’ म्हणून हात झटकतो. हे म्हणणारे बहुतेक आपल्यातले मटण खाणारे असतात, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या घरांतही गोमांस व डुकराचे मांस चालत नाही, श्रावण आणि ठरलेले वार पाळले जातात. मग हा प्रश्न फक्त शिरोळ-हातकणंगल्याच्या जैन कुटुंबांचा कसा? हलाल चिन्ह पाहून निश्चिंत होणारेही असतात. त्या चिन्हाने डुकराचा प्रश्न मिटतो, गोवंशाचा मिटत नाही.

आता सर्वांत महाग पडणारी गोष्ट. ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हणजे अंडे खाणारा शाकाहारी. पाकिटावरच्या व्ही या अक्षराचा किंवा ‘शाकाहाऱ्यांसाठी योग्य’ या शब्दांचा अर्थ मांस, मासे आणि चरबी नाही एवढाच होतो. अंडे असू शकते. आपल्याकडच्या एका कुटुंबाने बारशासाठी केकची मोठी ऑर्डर दिली आणि प्रत्येक खोक्यावर व्ही आहे ना, हे नीट पाहून घेतले. कोल्हापूरहून आलेल्या आजोबांनी चष्मा लावून मागची यादी वाचायला घेतली, तेव्हा ठळक अक्षरांत अंडे निघाले. निम्म्या पाहुण्यांची पाने केकविना उठली आणि पैसे पाण्यात गेले. अंडे, दूध, सोया यांसारखे १४ ॲलर्जीकारक घटक यादीत उठून दिसतील असे छापणे बंधनकारक आहे, म्हणून अंड्यातून काढलेले लेसिथिन हे इमल्सिफायरही लपून राहत नाही. या देशाचा कायदा ॲलर्जीच्या बाबतीत काटेकोर आहे; धर्माने किंवा व्रताने काही न खाणे ही त्याच्या लेखी ज्याची त्याची आवड.

अंडे न खाणाऱ्यांनी सरळ व्हीगन, म्हणजे दुधासकट कोणताही प्राणिजन्य घटक नसल्याचे, चिन्ह शोधावे. त्याखाली ‘दूध वा अंड्याचा अंश असू शकतो’ असे लिहिलेले असले तरी तो कारखान्यातल्या संसर्गाविषयीचा इशारा असतो. घटक म्हणून अंडे घातले आहे असा त्याचा अर्थ नाही. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांना मात्र हे चिन्ह काहीच सांगत नाही.

ई४७२चे सगळे प्रकार, ई४८१ आणि ई४८२ या इमल्सिफायरांनाही ई४७१चाच न्याय लावावा. चॉकलेटमधल्या ई४७६ची भीती नको, ते बहुधा एरंडेल तेलापासून करतात. जिलेटिन वर्ज्य आहे हे सर्वांना ठाऊक असते. चीज करताना दूध गोठवायला घालतात ते रेनेट वासराच्या जठरातून काढलेले असू शकते, तेव्हा त्याचेही मूळ पाहावे.

चिन्ह नसलेला पदार्थ हवाच असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहावे. ‘हे शाकाहारी आहे का’ असे मोघम विचारू नये. ‘यातले ई४७१ वनस्पतीपासून आहे की प्राण्यापासून’ असे विचारले की नेमके उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. ते उत्तर त्या एका मालापुरतेच धरावे, कारण त्याच नावाचा मोठा डबा दुसऱ्या कारखान्यातून आलेला असू शकतो. बेकरीच्या काउंटरवर सुट्या विकल्या जाणाऱ्या पावाला घटकांची पूर्ण यादी लावावीच लागत नाही आणि काउंटरवरच्या मुलीला इमल्सिफायरचे मूळ ठाऊक असण्याचे कारण नाही. तिथे वाद न घालता पाकीटबंद पाव घ्यावा.