फिरंग्याची टोपी करताना

जत्रेत ऐतिहासिक नाटक ठरले की ड्रेपरीवाल्याकडे जिरेटोप डझनाने मिळतात. अडते ते फिरंग्याच्या टोपीपाशी. आमच्या फोंड्याकडच्या गावात ते काम माझ्या गळ्यात पडले.

आधी नाटक कोणत्या सालचे ते विचारा. मी विचारले नव्हते. आमचे नाटक संभाजीराजांच्या 1683 च्या गोव्यावरील स्वारीचे, आणि मी झोकात तिकोनी टोपी केली. ती अठराव्या शतकातली, 1739 च्या वसईच्या मोहिमेला शोभली असती. इथे हवी होती रुंद काठाची, पीस खोवलेली. आठ दिवस पाण्यात.

माप विग चढवूनच घ्या. व्हाइसरॉय करणाऱ्या काकांचे डोके 57 सेंमी, विगसह 60. एक सेंमी सैल धरून 61. मी हुशारी केली, 61 ला 6.28 ने भागून 9.7 सेंमी त्रिज्येचे भोक पाडले. टोपी कपाळाला टोचायची आणि कानांशी फट. डोके गोल नसतेच! पुठ्ठ्याची पट्टी डोक्याभोवती गुंडाळून तिचा लांबट आकार तसाच काठाच्या पुठ्ठ्यावर रेखा, आत दोन सेंमी सोडून कापा आणि त्या दोन सेंमीला कात्रे देऊन ते वर दुमडा. टोपीचा उभा भाग त्यांनाच चिकटवायचा.

थर वर्तमानपत्राचे, मैद्याच्या खळीने. खळीत चिमूटभर मोरचूद टाकला की कीड लागत नाही. विषारी आहे, हात धुवा. एका वेळी दोनच थर. आपल्याकडच्या दमट हवेत जाड थर वरून वाळतो, आत बुरशी धरतो. काठात बायंडिंग वायर घालू नका, गंजून कापडावर तांबडे डाग उमटतात. अॅल्युमिनियमची तार घ्या.

रंगीत तालमीला दिवे लागले आणि व्हाइसरॉयचे डोळेच गायब. काठाची सावली! मागून कोणीतरी विचारले, “काका, झोपलात काय?” तार होती म्हणून निभावले, पुढचा काठ दोन बोटे वर वळवला.

पीस घरच्या कोंबड्याचे. ते डावीकडे खोवा. आम्ही उजवीकडे खोवले होते, दुसऱ्या अंकात काकांनी तलवार उपसली आणि अर्धे पीस पेटीवाल्याच्या मांडीवर.