जुन्या दाराचं जेवणाचं टेबल

कोकणातलं घर उतरवलं तेव्हा मागच्या पडवीचं सागवानी दार सरपणात जाणार होतं. मी ते टेम्पोत टाकून पुण्याला आणलं. बायको म्हणाली, "आता हे ठेवणार कुठे?"

वाळवी फक्त खालच्या कडेला होती. चार इंचांचा पट्टा कापून टाकला. खरा वैताग रंगाचा. हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर! जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासलं नाही. पेंट रिमूव्हर लावून पुट्टीच्या पात्याने खरवडलं, उरलेलं वॉटर पेपरने ओलं घासलं. एका लपलेल्या खिळ्याने सुताराच्या रंध्याचं पातं मात्र गेलंच. आधी लोहचुंबक फिरवायला हवं होतं.

मग अळशीच्या तेलाचे तीन हात. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून टाकाव्यात.

नक्षीच्या खळग्यांत शितं अडकणार, म्हणून वर 8 मिमी टफन्ड काच, खाली रबरी बटणं. पाय लोखंडी.

कडी तशीच ठेवलीय. भूक लागली की धाकटी ती वाजवते.